आधी झोपाळा, मग घर

आमच्या झोपाळ्याविषयी सरावली गावात एक गोष्ट सांगितली जाते. राऊतांनी डोक्यावर धड छत नसताना झोपाळा विकत घेतला आणि मग तो टांगायचा कुठे या विवंचनेत निम्मे आयुष्य काढले, अशी ती गोष्ट. लग्नाच्या पंगतीत, गणपतीच्या मंडपात, न्हाव्याच्या दुकानात, मी स्वतः समोर बसलेला असतानाही ती सांगितली गेली आहे, आणि प्रत्येक वेळी ऐकणारे हसले आहेत. माझा मुलगा प्रशांत ती सर्वांत रंगवून सांगतो. माझ्या आवाजाची नक्कलसुद्धा त्याला साधते. परंतु रंगवून सांगितल्याने गोष्ट खरी होत नाही. छत नसताना झोपाळा घेतला हे खरे. विवंचना कसली, ते मला ठाऊक नाही. मी झोपाळा घेतला आणि मग त्याला साजेसे घर बांधले. शहाण्या लोकांत याला योजना म्हणतात. यंदाच्या मे महिन्यात त्या योजनेचा असा काही विजय झाला आहे, की तो इतरांच्या तोंडी जाऊन विद्रूप होण्याआधी मीच लिहून ठेवणे इष्ट.

मे महिना म्हणजे इतरांच्या लेखी आंबे आणि घाम. माझ्या लेखी तो बदल्यांचा मोसम. तारापूरच्या अणुवीज केंद्राची कर्मचारी वसाहत, जिला आम्ही पंचक्रोशीतले लोक नुसते 'कॉलनी' म्हणतो, ती शाळांचे निकाल लागले की हलू लागते. कोणाची बदली दूरच्या राज्यात झालेली असते, कोणी निवृत्त होऊन आपल्या मुलखाला निघालेला असतो. सामान सगळेच नेता येत नाही. मग जिन्याखाली, ओट्यावर, सुरूच्या विरळ सावलीत एकेक संसार मांडला जातो: शेगड्या, पाळणे, शिलाईयंत्रे, पुस्तकांची घडवंची, कोणाच्या तरी आजोबांची आरामखुर्ची. रिकाम्या झालेल्या खोल्यांना फिनेलचा आणि सुतळीचा मिळून एक वास येतो. कपाट हलवल्यावर भिंतीवर मूळ रंगाचा एक ताजा चौकोन उरतो आणि माणूस साधे बोलला तरी आवाज घुमतो. बाहेर खाऱ्या वाऱ्यावर वाळत्या बोंबलांचा दर्प, फाटकाशी पानांवर ताडगोळे मांडून बसलेल्या बाया, आणि या सगळ्यातून हात मागे बांधून, कशातही रस नसल्यासारखा चेहरा करून फिरणारा मी. दरवर्षी मे आला की माझ्या तळहातांना एक सुखद कंड सुटते. यंदाही सुटली.

तळहातांना, कारण या बाजाराचा सगळा कायदा हातावर चालतो. कॉलनीतल्या विक्रीत जो वस्तूवर आधी हात ठेवील, त्याचा बोलण्याचा हक्क. त्याचा हात वस्तूवर आहे तोवर दुसऱ्याने भाव विचारायचा नाही, मध्ये बोलायचे नाही, डोळ्यांनी खुणासुद्धा करायच्या नाहीत. हात उचलला की हक्क गेला. हा नियम कोणी घातला हे कोणालाच ठाऊक नाही. तो कोठे लिहिलेला नाही आणि म्हणूनच तो आजवर कोणी मोडलेला नाही. एका गृहस्थांना मी शिवणयंत्रावर हात ठेवून, बायको घरून पैसे घेऊन येईपर्यंत दुपारभर उभे राहिलेले पाहिले आहे. यजमानांनी त्यांना तिथेच जेवायला वाढले. ते डाव्या हाताने जेवले.

जुने घेणाऱ्याला लोक कंजूष समजतात. हा दुसरा गैरसमजही येथेच निकालात काढतो. कंजूष माणूस काहीच घेत नाही. नव्या वस्तूबद्दल आपल्याला केवळ दुकानदाराचा शब्द मिळतो. जुनी वस्तू स्वतः साक्ष देते. ज्या खुर्चीवर एक जाडजूड इसम पुष्कळ वर्षे बसला आणि जी तरीही कुरकुरत नाही, तिला कोणत्या हमीपत्राची गरज आहे? जे पातेले मोडायचे ते आधीच्या घरात मोडून गेलेले असते. आपल्यापर्यंत पोहोचते ते टिकणारे. आणि भाव करणे ही काही झोंबाझोंबी नव्हे. ती दोन अनोळखी माणसांनी एका वस्तूच्या निमित्ताने केलेली ओळख असते. बहुतेक लोक इथेच चुकतात. ते वस्तूला नावे ठेवून भाव पाडायला बघतात: रंग उडालाय, पाय डुगडुगतोय, आता हे कोण घेतो. ज्या बाईने त्या कपाटात आपला लग्नाचा शालू ठेवला, तिच्यासमोर कपाटाला नावे ठेवणारा माणूस तिला आवडेल कसा? मी उलट करतो. मी वस्तूची मनापासून स्तुती करतो. ती इतकी करतो की विकणाऱ्याला वाटू लागते, याच्या घरी ही सुखात राहील. एकदा तसे वाटले की भाव आपल्या पायांनी खाली उतरतो. माझ्या उभ्या आयुष्यातला सर्वांत मोठा विजय मी याच शास्त्राने मिळवला.

त्या वर्षी आमचे लग्न नवे होते. मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात भांडार विभागात होतो आणि सरावलीला पत्र्याच्या छपराच्या एका भाड्याच्या खोलीत आम्ही राहत होतो. सुमनला, म्हणजे माझ्या पत्नीला, पाचवा महिना होता. कॉलनीतून एखादे कपाट घ्यावे म्हणून आम्ही गेलो. एका बंगलीवजा घराच्या पडवीत तो झोपाळा टांगलेला होता. सागवानाची रुंद, बसून बसून गुळगुळीत झालेली फळी; चारही कोपऱ्यांना पितळी कड्यांच्या साखळ्या, आणि प्रत्येक साखळीत मधे मधे एकेक पितळी मोर. घर एका गुजराती अधिकाऱ्याचे होते. बदली झालेली, नवे घर लहान. झोपाळा होता त्याच्या आईचा. तिला सगळे 'बा' म्हणत होते.

तिथे माझ्याआधी दामोदर तामोरे पोहोचलेला होता. कॉलनीच्या पलीकडच्या गावातला मच्छीमार, स्वतःची होडी असलेला, माझ्याच वयाचा, आणि त्या दिवसापासून माझा कायमचा प्रतिपक्षी. आता इथून पुढे दोन कथने आहेत. दामूचे म्हणणे असे की त्याचा हात आधीपासून साखळीवर होता. माझे म्हणणे असे की होता, पण त्याने बिडी पेटवण्यासाठी तो उचलला. त्या क्षणी मी फळीवर हात ठेवला. म्हणून हक्क माझा. दामू म्हणतो, बिडी त्याने एका हाताने पेटवली, दुसरा साखळीवरच होता. समुद्राच्या वाऱ्यात एका हाताने काडी पेटवणे अशक्य आहे, हे मी तेव्हाही त्याला सांगितले.

"अशक्य तुमाला, राऊतभाव," तो म्हणाला. "आमी सुकाणू सोडून बिडी पेटवायला बसलो तर होडी खडकाला जाईल."

आमचे हे चालले असताना सुमन झोपाळ्यावर जाऊन बसली. तिचे पाय सुजले होते. तिने कोणाला विचारले नाही. बसली, पायाच्या अंगठ्याने जमीन रेटली आणि डोळे मिटून झुलू लागली. मोर किणकिणू लागले. या घटनेचाही लोक भलता अर्थ लावतात, की झोपाळा खरे तर सुमनने मिळवला. साखळ्यांची चाचणी घेण्यासाठी बसायला मीच तिला नजरेने सुचवले होते. तिला ते आठवत नाही.

आमचा वाद मिटेना म्हणून बाने दोघांनाही बोलू दिले, आणि दामूचे बोलणे आधी झाले. तो बाला म्हणाला, "बा, या फळीला काय हाय आता? होडीत बसायला टाकीन, तेवडीच कामाची. द्या कमी करून." बाचा चेहरा पडला. मग माझी पाळी आली. मी भावाचा विषयच काढला नाही. मी मोरांविषयी बोललो. फळीच्या कडेला बोटांनी पडलेल्या खळग्याविषयी विचारले. बा म्हणाली, तिथे तिच्या सासूचा हात असायचा, मग तिचा. मी म्हटले, आता हिचा असेल, आणि सुमनकडे पाहिले.

"पण भाई, हिंचको टांगशील कुठे?" बाने विचारले.

"घरात," मी म्हणालो.

हे असत्य होते असे प्रशांत म्हणतो. नव्हते. कोणत्या घरात, हे तिने विचारले नाही.

बाने जो भाव सांगितला तो मी येथे देणार नाही. आकडा दिला की लोक आकड्यावरच वाद घालत बसतात. इतके सांगतो की दामूने तो ऐकला आणि ताडगोळा घशात अडकल्यासारखा खोकला.

आम्ही झोपाळा नेला तो कारखान्याच्या पाळीच्या बसमधून. पहिली पाळी सुटून बस बोईसरकडे निघाली होती, चालक ओळखीचा. फळी मधल्या वाटेत आडवी टाकली, तिच्यावर चौघे जण बसले. साखळ्या मागच्या बाकांवरच्या कामगारांनी मांडीवर वाटून घेतल्या. खड्ड्याखड्ड्याला सगळे मोर एकदम वाजत. आखडलेली, तेलकट, दमलेली ती माणसे एखाद्या वरातीत असल्यासारखी हसू लागली. सुमनला खिडकीजवळची जागा मिळाली. एकाने विचारले, "भाईसाब, घर कौन सी मंज़िल पे है?" मी म्हटले, पत्र्याची खोली आहे. तो म्हणाला, "तो झूला टाँगोगे किससे? चाँद से?" सारी बस हसली. मीही हसलो. आजपर्यंत जी गोष्ट सांगितली जाते ती त्या बसमध्ये जन्मली. पण जिंकलेला माणूसही त्या हसण्यात सामील होता, हा तपशील वाटेत कुठेतरी गळाला.

पुढची काही वर्षे फळी विटांवर राहिली. ती आमची खाट झाली, पाट झाली, पाहुणे आले की बैठक झाली. प्रशांत तिच्यावर पालथा पडायला शिकला, तिच्यावरच त्याने बाराखडी गिरवली. साखळ्या खुंटीला. दर दिवाळीला सुमन मोर चिंचेने घासून लखलखीत करी आणि शेजारीण दारातून विचारी, "वैनी, झोपाळा कदी बांदताय?" सुमन म्हणे, "घर झालं की." हे ती इतक्या सहज म्हणे, की मला एके दिवशी घर बांधण्यावाचून गत्यंतर उरले नाही. जिला लोक चूक म्हणतात, तिने मला जागा घ्यायला लावली. भाड्याच्या खोलीत सुखाने म्हातारे झालेले माझ्या बरोबरीचे कितीतरी लोक मी दाखवू शकतो. त्यांच्याकडे झोपाळा नव्हता.

स्लॅब टाकायच्या दिवशी मी रजा काढली. लोखंडाच्या जाड सळीचे आकडे स्वतः वाकवून घेतले होते. ठेकेदाराला जिन्याची, मोरीची, खिडक्यांची काय ती मोकळीक दिली, पण सळ्यांच्या जाळीत ते आकडे कुठे बसायचे हे मीच दाखवले. दोन आकड्यांमधले अंतर मी हाताने मोजले होते: दोन हात, एक वीत आणि वर चार बोटे. टेप असताना हाताने का, असे त्याने विचारले. मी म्हटले, झोपाळा हातानेच मिळालेला आहे. झोपाळा टांगला त्या दिवशी पेढे वाटले. आमचा झोपाळा थोडा तिरका झुलतो असे म्हणणारे काही लोक आहेत. झोपाळा सरळ झुलतो. जमीन तिरकी आहे.

आता यंदाच्या मेकडे वळतो.

सरावलीचा रस्ता दर डांबरीकरणाला चढत गेला आणि घर खाली खाली. आता अंगण रस्त्याच्या गुडघ्याला लागते आणि गटाराचे पाणी उंबरा ओलांडते. सुमनचे गुडघे आणि प्रशांतची पालघरची नोकरी, ही आणखी दोन कारणे. पालघरला फ्लॅट घ्यायचा आणि हे घर विकायचे असे ठरले. मी विरोध केला नाही, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटते. घर सोडण्याचे दुःख आहेच. परंतु माझ्या लेखी घर हे झोपाळ्याचे आवरण होते, आणि आवरण जुने झाले तर बदलावे.

प्रशांतने मात्र आवरण निवडताना आतल्या वस्तूचा विचार केला नाही. त्याने मला एका नव्या इमारतीतला नमुना फ्लॅट दाखवायला नेले. भिंतींना कागद, छताला प्लास्टरचे खोटे छत आणि त्यात लपवलेले दिवे. मी वर पाहत उभा राहिलो.

"बाबा, जरा खालीपण बघा. फरशी बघा, किचन बघा."

"आकडे कुठे आहेत?"

तिथल्या टायवाल्या मुलाने सांगितले की छताला भोक पाडायला परवानगी नाही. प्रशांतने मला गॅलरीत नेले आणि हळू आवाजात सांगितले की झोपाळ्याचे छायाचित्र त्याने मोबाइलवर विक्रीला टाकलेलेच आहे. चांगली मागणी आहे. एका रिसॉर्टवाल्याला बागेत फोटोसाठी हवा आहे.

मला काय वाटले ते लिहीत नाही. मी इतकेच म्हणालो, "या झोपाळ्यावर तू पहिल्यांदा बसलास तेव्हा तुला नावही नव्हते."

"दोन आकड्यांसाठी फ्लॅट ठरवायचा का बाबा?"

"दोन आकड्यांसाठी मी घर बांधले आहे."

 परंतु त्या महिन्याच्या अखेरीस नव्या फ्लॅटचे पैसे भरायचे होते, आणि रिसॉर्टवाला त्या अखेरच्या रविवारी यायचा होता. म्हणजे तोवर पालघरात आकडे असलेले छत मिळाले तर झोपाळा राहणार, नाहीतर त्याच्यावर बसून परकी माणसे दात दाखवणार.

मी कॉलनीत गेलो. दुःखात लोक देवळात जातात. मी विक्रीला जातो. सुरूखाली एक दगडी पाटा-वरवंटा मांडलेला होता, छान टाकी लावलेला. मी पाट्यावर हात ठेवला आणि त्याच क्षणी दुसरा एक हात वरवंट्यावर पडला. जाळ्यांनी खरखरीत झालेला, वाळूसारखा. मला वर पाहायची गरज नव्हती.

"पयला माजा," दामू म्हणाला.

"वरवंटा म्हणजे पाटा नव्हे."

"साखळी म्हंजे झोपाळा नाय, तसंच ना?" तो हसला. त्याचे पुढचे दात गेले आहेत, हसण्यातला खवचटपणा नाही गेला. मग त्याने माझ्याकडे नीट पाहिले. "काय झालं, राऊतभाव? पाट्यासाठी भांडताय नि आवाजात जोर नाय."

मी सांगितले. का सांगितले ते ठाऊक नाही. बहुधा इतकी वर्षे भांडलेल्या माणसाइतके जवळचे कोणी त्या सुरूखाली नव्हते. त्याने ऐकले, वरवंट्यावरचा हात उचलला आणि म्हणाला, "पालघरला माजा फ्लॅट हाय. पोरासाठी घेतलेला. पोरगा मोठ्या जहाजावर लागला, बायकोला घेऊन मुंबैला गेला. विकायचा हाय." तो थांबला. मुद्दाम थांबला. "हॉलच्या छताला दोन आकडे हायेत."

दुसऱ्या दिवशी मी, सुमन आणि प्रशांत दामूबरोबर तिथे गेलो. स्टेशनपासून चालत जाण्याजोगे अंतर, दुसरा मजला, लिफ्ट. रिकाम्या हॉलमध्ये पाऊल टाकताच आवाज घुमला आणि मला कॉलनीचा वास आला. प्रशांत नळ सोडून पाहत होता. मी वर पाहत होतो. आकडे होते. गंजलेले नाहीत, वापरलेलेही नाहीत. मी त्यांच्या खाली जमिनीवर बसून, वरच्या रेषेत, हाताने मोजले. दोन हात, एक वीत आणि चार बोटे. बोट इकडे नाही की तिकडे नाही.

"हे माप तुला कुठून मिळाले?" मी विचारले.

"बाच्या पडवीत मोजलेलं," दामू म्हणाला. "तुमी बोलत होतात तवा. हातानंच."

"पण तुला तर फळी होडीत टाकायची होती."

तो माझ्याकडे असा पाहू लागला की जणू मी मासा झाडावर लागतो म्हणालो. "होडीत? सागाची फळी, मोरांचा झोपाळा, आनि होडीत? ते भाव पाडायला बोललो, राऊतभाव! आयेला पायजे होता. आये सुकी मासळी डोक्यावर घेऊन गावोगाव फिरली. बोललो, आता तिला झुलवीन. तोंडातनं भलतं निगालं नि बा नाराज झाली." त्याने छताकडे पाहिले. "मग हा फ्लॅट घेतला तवा आकडे टाकून ठेवले. बोललो, तसा झोपाळा कदीतरी मिळेल. नाय मिळाला. आये पन गेली."

 हे त्याने त्याच वेळी बाला सांगायला हवे होते. वस्तूला नावे ठेवून भाव पाडण्याचे परिणाम मी वर सांगितलेलेच आहेत. याहून वाईट उदाहरण मला माहीत नाही.

मी भाव करायला लागलो. फ्लॅटची हवा, उजेड, भिंतींचे प्लास्टर, आकड्यांची निवड, सगळ्यांची स्तुती केली. दामूने हात वर केला. "ती चाल बाला चालली. मला नाय चालायची. भाव तुमी बोलाल तो." हे ऐकून नळापाशी उभ्या असलेल्या प्रशांतची आधुनिकता एकदम मऊ झाली, तो नमुना फ्लॅट त्याच्या चेहऱ्यावरून निघून जाताना मी पाहिला. "पन एक पायजे," दामू म्हणाला. "तुमच्या तोंडानं, पोरासमोर नि वैनींसमोर. बोला: पयला हात दामूचा."

मी पुन्हा वर आकड्यांकडे पाहिले.

"बोला ना बाबा," प्रशांत म्हणाला. "एका वाक्याचं काय आहे?"

एका वाक्याचे काय आहे! माझ्या आयुष्यात मी पदके मिळवली नाहीत, निवडणुका जिंकल्या नाहीत. एक झोपाळा जिंकला.

"त्याने बिडीसाठी हात उचलला होता," मी म्हणालो. "वाऱ्यात एका हाताने काडी पेटत नाही."

दामू गॅलरीत गेला. खालून पश्चिमेचा वारा येत होता, दोरीवरचे शेजाऱ्यांचे कपडे फडफडत होते. उजवा हात त्याने कठड्यावर ठेवला. डाव्या हाताने खिशातून काडेपेटी काढली, तळव्यात दाबली, दोन बोटांनी काडी ओढली आणि ओंजळीसारख्या वाकवलेल्या त्याच मुठीत ती पेटवली. ती विझली. दुसरी त्याने पेटवली आणि ती बोटांपर्यंत जळत राहिली. उजवा हात कठड्यावरून हलला नव्हता.

"दुसऱ्या प्रयत्नात," मी म्हणालो.

"अहो," सुमन म्हणाली.

ती आकड्यांच्या बरोबर खाली, मोकळ्या फरशीवर उभी होती. एक हात तिने हवेत, जिथे साखळी यायची तिथे, धरल्यासारखा वर केला होता. "दामूभाऊ," ती म्हणाली, "तुमच्या दोघांच्या हातांचं मला माहीत नाही. मी त्याच्यावर बसले होते. म्हणजे झोपाळा माझाच होता ना? मग माझं मी बोलते. पहिला हात तुमचा. आणि टांगला की पहिलं तुम्ही बसायचं. आईंच्या नावानं."

दामूने जळकी काडी खिशात ठेवली.  "वैनी बोलल्या. बास झालं."

व्यवहार झाला. रिसॉर्टवाल्याला प्रशांतने स्वतः फोन करून नाही म्हणून सांगितले. बसमध्ये मजला विचारून हसलेल्या त्या कामगारापासून नमुना फ्लॅटमधल्या टायवाल्या मुलापर्यंत सर्वांना हे कळवावेसे वाटते की झोपाळा आता पालघरला, दुसऱ्या मजल्यावर, त्याच्यासाठी वर्षानुवर्षे रिकाम्या राहिलेल्या आकड्यांवर झुलतो आहे. मी जुना झोपाळा घेतला, त्याच्यासाठी घर बांधले, आणि त्याच्याचसाठी जुना फ्लॅट नव्याहून स्वस्तात मिळवला. बाजारात उभ्या राहणाऱ्या कोणाही माणसाने याहून मोठा सौदा केला असेल तर त्याने येऊन सांगावे. ऐकून घेईन, मान्य करीन असे नाही.

मात्र एक गोष्ट आता फिरू लागली आहे, आणि हा लेख लिहिण्याचे खरे निमित्त तेच. प्रशांत लोकांना सांगतो, "शेवटी बाबांनी मान्य केलं, पहिला हात दामूकाकांचा." हे साफ खोटे आहे. जे बोलली ती सुमन बोलली, स्वतःच्या अधिकारात. मी एक शब्दही उच्चारलेला नाही. दोन काड्यांपैकी पहिली विझली होती, याचीही नोंद व्हावी.

टांगला त्या दिवशी दामू आला. येताना त्याने तो पाटा-वरवंटा आणला होता, वैनींसाठी, म्हणाला. चपला बाहेर काढून, धोतराने फळी उगीचच एकदा पुसून तो बसला. जपून बसला, जसे कोणी होडीत पहिले पाऊल टाकतो. पाय जमिनीवरून उचलायला त्याला थोडा वेळ लागला. उचलले, आणि झोपाळा हलला, आणि सगळे मोर एकदम बोलले. त्याचा हात आपोआप फळीच्या कडेच्या खळग्यात गेला, जिथे बाचा असायचा आणि पुढे सुमनचा. त्याने डोळे मिटले. तो कोणाला झुलवत होता हे मला कळले, आणि मी त्या वेळी वाद घातला नाही.

मी शेजारी उभा होतो, साखळीवर हात ठेवून. झोपाळा पुढे गेला की हात पुढे जाई, मागे आला की मागे येई. बराच वेळ झाला तेव्हा दामूने डोळे न उघडताच विचारले, "दमला नाय, राऊतभाव? हात काडा आता."

"नाही," मी म्हणालो. "मला नियम माहीत आहे."